बंद पेट्रोल पंपाची जागा घेताय? माती-पाण्याच्या तपासणीचा खर्च असा आखा

बंद पडलेल्या पेट्रोल पंपाची जागा बहुधा मोक्याचीच असते. कोपऱ्याची, रुंद रस्त्याची, ट्रक वळेल इतकी ऐसपैस. कोल्हापुरात महामार्गालगत किंवा शाहूपुरीसारख्या जुन्या भागात अशी जागा निघाली की वकील सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड बघतात, आर्किटेक्ट एफएसआय मोजतो. जमिनीत काय मुरलंय ते मात्र कुणी बघत नाही. ते बघायचा खर्च जागेच्या किमतीपुढे किरकोळ आहे, पण तो साठेखतावर सही होण्याआधी करायचा असतो.

सगळ्यात आधी, कुठे पैसे घालू नयेत ते सांगतो. बोअरचं पाणी बाटलीत भरून नेहमीच्या तपासणीला दिलं की टीडीएस, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणूंचे आकडे येतात, खाली ‘पिण्यास योग्य’ असा शेरा येतो. त्यात पेट्रोल शोधलेलंच नसतं. तुम्हाला हवी आहे ती बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलिन यांची तपासणी. लॅबवाले तिला बीटीईएक्स म्हणतात. सोबत एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, म्हणजे टीपीएच, मागा. डिझेलचा माग त्यातच लागतो. नाकावर भरवसा ठेवू नका. पिण्याच्या पाण्यात बेंझिन लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बेंझिनचा स्वतःचा वास कळेपर्यंत ही मर्यादा शेकडो पटींनी ओलांडलेली असू शकते. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझिन कमाल १ टक्का असतं. तेवढ्या हिशेबानेही एका लिटरमधलं सगळं बेंझिन पाण्यात उतरलं, तर पावणेनऊ लाख लिटरच्या आसपास पाणी या मर्यादेला पोचतं. शेजारच्या घरात त्याच पाण्यावर स्वयंपाक होत असेल, तर प्रश्न फक्त तुमच्या सौद्याचा राहत नाही.

पहिला टप्पा कागदांचा आणि स्वस्त. डिजिटल सात-बारा १५ रुपयांत मिळतो. पंपाचा परवाना आणि मंजूर नकाशा जागामालकाकडे किंवा डीलरकडे मागा. नसेल तर स्फोटकांचा परवाना देणाऱ्या ‘पेसो’कडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. या केंद्रीय खात्याचं मुख्यालय नागपूरला आहे. अर्जाची फी १० रुपये, प्रत पानाला २ रुपये. टाक्या, पाइप, टँकर खाली करायचा फिलर पॉइंट आणि डिस्पेन्सर नेमके कुठे होते हे नकाशावरून कळलं, की बोअर कुठे घ्यायचे ते ठरतं. हा कागद नसताना घेतलेले बोअर म्हणजे अंधारात दगड मारणं. पंपावर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाशी चहा घेत बोला. कुठला पाइप बदलला, स्टॉकमध्ये तूट कधी येत होती, गाड्या धुवायचा रॅम्प कुठे होता, हे त्यालाच ठाऊक असतं. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात जागा पाण्याखाली होती का, हेही विचारा. रिकामी किंवा अर्धी भरलेली टाकी पुराच्या पाण्यात वर उचलली जाते आणि पाइपचे सांधे सुटतात.

खरा खर्च दुसऱ्या टप्प्यात, खोदाईत. इथे वर काळी माती, खाली मुरूम आणि मग काळा पाषाण. पेट्रोल मातीतून मुरतं, मुरमात पसरतं आणि पाषाणाच्या भेगांमधून अशा दिशेला जातं की वरच्या उतारावरून अंदाज बांधता येत नाही. नेहमीची बोअरची गाडी मातीच्या नमुन्यासाठी बोलावू नका. तिच्या कॉम्प्रेसरची हवा बेंझिन उडवून लावते आणि रिपोर्ट खोटा स्वच्छ येतो. मातीत ऑगर आणि मुरमात पाणी-हवेविना काढलेला कोअर, असं कोटेशनमध्ये लिहून घ्या. हे काम पाहणाऱ्या पर्यावरण सल्लागाराकडे वाफ मोजणारा मीटर असेल, तर जागेवरच नमुने पारखून त्यातले वाईट तेवढेच लॅबला जातात. पैसे इथेच वाचतात.

हिशेब असा मांडा. चार ठिकाणी बोअर, प्रत्येकी दोन मातीचे नमुने, म्हणजे आठ. पाण्याच्या निरीक्षणाला तीन बोअर, कारण तीन बिंदूंशिवाय प्रवाहाची दिशा काढता येत नाही. शिवाय एक दुबार नमुना आणि प्रवासात बाहेरून काही शिरलं नाही हे दाखवणारी एक कोरी बाटली. एकूण १३. नमुन्याला ५,००० रुपये धरले तर ६५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ११,७००, मिळून ७६,७००. प्रत्यक्ष दर एनएबीएल मान्यता असलेल्या दोन-तीन लॅबकडून घ्या. मान्यता बीटीईएक्ससाठी आहे का, हे तिच्या यादीत स्वतः बघा. खोदाई, सल्लागार आणि गाडीभाडं धरून सगळं काम काही लाखांत जातं. पंप १ फेब्रुवारी २००० च्या आधीपासून चालू असेल, तर मातीत शिसंही तपासा, कारण शिसंविरहित पेट्रोल देशभर तेव्हापासून आलं. पंप त्यानंतर सुरू झाला असेल तर तो खर्च टाळा.

नमुना भरताना तुम्ही स्वतः उभे राहा. चाळीस मिलिलिटरची तपकिरी काचेची कुपी पाणी काठावर फुगेपर्यंत भरतात, झाकण लावून उलटी करतात आणि बोटाने टिचकी मारतात. बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद. मग बर्फाच्या पेटीतून लॅबकडे. आम्ल घातलं असेल तर १४ दिवसांत, नसेल तर ७ दिवसांत तपासणी व्हायला हवी. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि भूजलाच्या पातळीबरोबर वर-खाली होत मुरमाला चिकटत जातं. त्यामुळे पातळी वर असतानाचा, ऑक्टोबरचा एकच रिपोर्ट पुरेसा नाही. मे महिन्यातल्या दुसऱ्या फेरीचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

जुनी टाकी भंगारवाल्याच्या गॅस कटरखाली कधीही देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. ती वायुमुक्त केल्याचं प्रमाणपत्र मागा.

आणि हे पैसे तुम्हीच का भरायचे? जागा तुमचीच असून तेल कंपनीचा भाडेपट्टा संपत असेल, तर ताबा घेण्याआधी कंपनीकडे माती-पाण्याचा रिपोर्ट लेखी मागा. विकत घेत असाल तर ‘रिपोर्ट स्वच्छ आल्याशिवाय शेवटची रक्कम नाही’ ही अट साठेखतात घाला. दूषितपणा निघाला तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. केंद्राने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांसाठी नियम काढले, त्यात सफाईचा खर्च जबाबदार असलेल्यावर टाकला आहे. भरपाईसाठी राष्ट्रीय हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. अर्जाला पाच वर्षांची मुदत असते आणि फी मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, किमान १,००० रुपये. लॅबचे मूळ रिपोर्ट आणि नमुने कुणी, कधी, कुणाच्या हाती दिले याचा कागद हातात आल्याशिवाय सल्लागाराचा शेवटचा हप्ता देऊ नका. लवादासमोर तोच कागद लागतो.