नॉर्वेतील बाप्तिस्म्याच्या नोंदी : आडनाव की पत्ता?

माझी एक जुनी विद्यार्थिनी नॉर्वेत नांदते. तिच्या सासरचा मूळपुरुष ओले हान्सेन बर्ग. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधायला तिने मला सोबत घेतले. चर्चच्या जुन्या वह्या तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराने सर्वांना पाहण्यासाठी खुल्या केल्या आहेत. भाषा डॅनिश, अक्षर गॉथिक वळणाचे. तारखेच्या जागी पुष्कळदा 'त्रैक्यानंतरचा तिसरा रविवार' एवढेच. त्या वर्षीचा ईस्टर काढल्याशिवाय तारीख निघत नाही.

'बर्ग' हे मी आपल्या 'कर'सारखे आडनाव समजलो आणि तिथेच फसलो. हान्सचा मुलगा तो हान्सेन, मुलगी ती हान्सदात्तर. बर्ग हे शेतवाडीचे नाव, म्हणजे खरे तर पत्ता. कुटुंबाने वाडी बदलली की तेही बदले. कायम आडनाव सक्तीचे झाले ते १९२३च्या कायद्याने. बर्ग सोडून आईबापांची नावे धरली, तेव्हा दुसऱ्याच वाडीवर ओले सापडला. साक्षीदारांत आईची बहीण होती, म्हणजे घर तेच. मी लगेच कळवून टाकले.

पुढे सहज दफनांचे पान उघडले. तो ओले सात आठवड्यांचा असतानाच गेला होता. दोन वर्षांनी त्याच आईबापांनी पुढच्या मुलालाही तेच नाव दिले. गेलेल्या मुलाचे नाव पुन्हा ठेवण्याची तिकडे रीतच होती. मूळपुरुष हा दुसरा ओले. विद्यार्थिनीला फोन केला, तर ती म्हणाली, "सर, सासऱ्यांनी पहिल्याची तारीख घालून वंशावळ फ्रेम करून भिंतीवर लावलीसुद्धा."