अस्थिभंग आणि दाह : मोडलेले हाड कसे सांधले जाते

हाड मोडले की थोड्याच वेळात तो भाग सुजतो, लाल होतो, तापतो आणि ठणकू लागतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार सेल्सस याने हीच चार लक्षणे नोंदविली. वैद्यकात या अवस्थेला दाह किंवा शोथ म्हणतात. ही सूज केवळ उपद्रव असून ती चोळून तत्काळ उतरविली पाहिजे, असा समज आजही अनेक घरांत आढळतो. वसतिगृहातील मुलामुलींना खेळताना दुखापती होतातच. म्हणून हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

दृष्टी बदलली ती अशी

१८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या त्याला दिसल्या. दाह म्हणजे शरीराने उभारलेले संरक्षण होय, हा विचार त्याने यातून मांडला. पुढे १९०८ मध्ये त्याला पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

सांधणीचे टप्पे

हाडासोबत त्यातील रक्तवाहिन्याही तुटतात. सांडलेले रक्त गोठून मोडलेल्या टोकांभोवती रक्ताची गाठ तयार होते. प्रथम न्यूट्रोफिल आणि त्यांच्यामागून मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी तेथे पोहोचतात. मृत पेशी व हाडाचा चुरा त्या साफ करतात आणि सायटोकाइन नावाची रासायनिक संदेशद्रव्ये सोडतात. या संदेशांनी मूलपेशी तेथे येतात व नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. ही तीव्र दाहाची अवस्था साधारणतः पहिल्या आठवड्यातच ओसरते.

त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत कूर्चेचा मऊ सांधा तयार होतो. त्यास मृदू कॅलस म्हणतात. मग त्यात कॅल्शियमचे क्षार साचून कठीण कॅलस बनतो. शेवटी जादा हाड झिजवून मूळ आकार घडविण्याचे काम कित्येक महिने, कधी काही वर्षेही चालते. जखमेच्या जागी बहुधा व्रण उरतो. हाडात मात्र पुन्हा हाडच निर्माण होते.

उणे आणि अधिक, दोन्ही घातक

दाहाला साहाय्य करणारे कॉक्स-२ हे विकर ज्या उंदरांत नव्हते, त्यांचे अस्थिभंग उशिरा भरून आले, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. अनेक वेदनाशामके याच विकराला रोखतात. माणसांबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तरी अशी औषधे स्वतःच्या मनाने, दीर्घकाळ घेऊ नयेत, एवढा बोध निश्चित घ्यावा.

उलट, दाह रेंगाळला तरी हानी होते. जंतुसंसर्ग आणि अनियंत्रित मधुमेह यांमुळे दाह लांबतो व सांधणी अडते. धूम्रपानानेही हाड भरण्यास विलंब लागतो. दाह योग्य वेळी उठावा आणि योग्य वेळी शमावा, यातच आरोग्य आहे.

आपले कर्तव्य

मोडलेला भाग चोळू नये, ओढू नये. लाकडी पट्टीचा वा पुठ्ठ्याचा आधार देऊन तो स्थिर करावा आणि त्वरित रुग्णालय गाठावे. सुश्रुतसंहितेतही अस्थिभंगासाठी बांबूच्या व झाडांच्या सालींच्या पट्ट्या सांगितल्या आहेत. मात्र बंध घट्ट नसावा. सूज वाढते आणि घट्ट बंधाखाली रक्तप्रवाह खुंटतो. बोटे निळी वा गार पडली, बधिर झाली, किंवा वेदना असह्य वाढत गेली, तर क्षणाचाही विलंब करू नये. अवयव गमावण्याची वेळ येऊ शकते.

कारणावाचून कार्य घडत नाही, ही प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण आपण या विद्यालयात ऐकतो. सुजेमागचे कारण जाणणारा माणूस तिला भिऊन अघोरी उपाय करीत नाही, तसाच तिच्याकडे दुर्लक्षही करीत नाही. शरीराच्या बाबतीतही मध्यम मार्ग हाच हिताचा होय.