टिंबाआधीचा बॅकस्लॅश

चि. ओंकार यास,


रेजेक्समधली विशेष चिन्हं पाठ करावीत का, असं तू विचारलंस. बारा-चौदाच आहेत, चार दिवसांत पाठ होतील; पण तेवढ्यानं भागणार नाही. पॅटर्नमधलं प्रत्येक चिन्ह मजकूर आहे की हुकूम, हे लिहितानाच ठरवावं लागतं. साध्या लिखाणातलं टिंब पॅटर्नमध्ये ‘इथे कुठलंही एक अक्षर चालेल’ असा हुकूम होतं. समज, फक्त ‘खाते.बँक.कॉम’ हा पत्ता स्वीकारायचा आहे आणि तू तो जसाच्या तसा पॅटर्नमध्ये लिहिलास. आता ‘खाते-बँक.कॉम’ही जुळेल, आणि ते नाव भलताच कुणी आपल्या नावावर नोंदवू शकतो. तुझ्या चाचण्या मात्र पास होतील, कारण खरा पत्ता जुळतोच आहे. म्हणून जे जुळायला नको, तेही चाचणीत घालत जा.

टिंबाआधी बॅकस्लॅश लावला की ते पुन्हा साधं टिंब होतं. मग सरसकट सगळ्याच चिन्हांआधी बॅकस्लॅश लावला तर काय बिघडलं, असं तू म्हणशील. बिघडतं, कारण बॅकस्लॅश विशेष अर्थ काढून घेतो तसा देतोही. इंग्रजी ‘डी’ आधी आला की ‘कुठलाही अंक’, ‘बी’ आधी आला की ‘शब्दाची कड’. लिनक्सवरच्या साध्या ग्रेपमध्ये तर अधिकचं चिन्ह मुळात मजकूरच असतं. बॅकस्लॅश लावल्यावर ते हुकूम होतं. पायथनच्या बरोबर उलट! शिवाय स्ट्रिंगचा थर वेगळाच. जावामध्ये एक बॅकस्लॅश शोधायला चार लिहावे लागतात: चारांचे दोन स्ट्रिंग करते, दोनांचा एक रेजेक्स.

पॅटर्न तू स्वतः लिहितोस तेव्हा हा विचार हातानं करता येतो. शोधपेटीत दुसऱ्यानं टाइप केलेल्या मजकुराबाबत तो हातानं करूच नकोस. कुणी इंग्रजीत ‘सी++’ शोधलं आणि तू ते थेट पॅटर्नमध्ये घातलंस, तर पायथन ३.१० पर्यंत निदान एरर यायची. २०२२ च्या ३.११ पासून दुहेरी अधिक वैध झालं. आता एरर येत नाही, ‘सी’ असलेला कुठलाही शब्द मुकाट्यानं सापडतो. एररपेक्षा हे मला जास्त घातक वाटतं. ‘बॅकस्लॅश लावणारं चार ओळींचं फंक्शन मीच लिहीन’ हा उत्साह चांगला आहे, पण भाषेचे नियम असे आवृत्तीगणिक सरकतात आणि ते भाषेच्या लायब्ररीला ठाऊक असतात. मजकूर पॅटर्नमध्येही मजकूरच राहील अशी सोय पायथनमध्ये ‘एस्केप’, जावा आणि पीएचपीत ‘कोट’ या नावानं कधीपासून आहे. जावास्क्रिप्टच्या मानकात ती २०२५ साली आली. तुझ्या शोधपेटीच्या कोडमध्ये आजच ती घाल आणि ‘सी++’ शोधून काय सापडतं ते मला कळव.

तुझा,
काका