एअर रायफलची नळी साफ करताना

छर्ऱ्याच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे 'नेम लागत नाही' अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक येते. नळी तपासल्यावर पुष्कळदा असे दिसते की, घाणीपेक्षा साफसफाईनेच तिचे जास्त नुकसान केलेले आहे. मोठ्या बंदुकीची सवय या नाजूक हत्याराला लावल्याचा हा परिणाम.

एअर रायफलमध्ये दारू जळत नाही, त्यामुळे काजळी धरत नाही. मऊ शिशाच्या छर्ऱ्याचा पातळ थर आणि थोडे वंगण एवढेच आत राहते. त्यासाठी लोखंडी गज घालणे म्हणजे आतील आटे खरवडणे होय. सर्वात जपण्याची जागा नळीचे तोंड. तेथील कड झिजली किंवा तिला ओरखडा पडला, तर छर्ऱ्यामागची हवा एका बाजूने आधी निसटते व छर्रा तिरका जातो. १० मीटर स्पर्धेच्या लक्ष्यावर १० गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. तेव्हा खेळाडूच्या बंदुकीला असा ओरखडा किती महाग पडेल, याचा कारागिराने विचार करावा.

कामाला हात लावण्यापूर्वी आत छर्रा नाही याची खात्री करावी. नळी मोडणारी बंदूक असेल तर ती जोड सुटून मागचे छिद्र दिसेल इतकीच उघडावी, चाप चढवू नये. चाप चढलेला असताना घोडा दाबला गेला तर नळी झटक्याने मिटते. बोटे चिरडतात आणि नळी वाकते ती वेगळीच. ज्या बंदुकीत चाप चढविल्याशिवाय नळीचे मागचे छिद्र उघडतच नाही, ती नवशिक्याने हाती घेऊ नये.

जाड तंगूस दुमडून तिचा फासा तोंडाकडून आत सोडावा व मागे बाहेर काढावा. त्यात स्वच्छ सुती चिंधी अडकवून ती तोंडाकडे सरळ ओढावी. तंगूस कडेवर घासू देऊ नये. चिंधी हाताच्या बेताच्या जोराने निघाली पाहिजे. जोर लागला तर ती लहान करावी. आलेल्या वाटेने ती परत ओढू नये. पहिली चिंधी काळी निघेल. मग बंदुकीसाठीच्या द्रावणाचे एक-दोन थेंब लावलेली एक चिंधी, त्यानंतर कोरड्या चिंध्या, स्वच्छ निघेपर्यंत. नंतरचे दहा-वीस छर्रे इकडेतिकडे गेले तर घाबरू नये, नळी पुन्हा बसते.

आता तेलाविषयी. स्प्रिंगच्या बंदुकीत यंत्राचे तेल किंवा रॉकेल ओतणारे पुष्कळ आहेत. दट्ट्या पुढे झेपावला की हवा इतकी तापते की डिझेल इंजिनासारखे ते तेल पेट घेते. मोठा आवाज व धूर निघतो. गिऱ्हाइकाला वाटते बंदुकीचा जोर वाढला. प्रत्यक्षात वॉशर जळतो आणि स्प्रिंगला मार बसतो.

नेम ठीक असेल तर नळी पुसूच नये. केवळ मजुरी लावण्यासाठी केलेली सफाई आम्हाला पटत नाही. कोकणासारख्या दमट भागात मात्र पावसाळ्यापूर्वी तेलाचा नुसता हात फिरवलेली चिंधी आतून ओढावी व पुन्हा वापरण्याआधी कोरड्या चिंध्यांनी ते तेल पुसून काढावे. काळ्या झालेल्या चिंध्यांत शिसे असते. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि साबणाने हात धुतल्याखेरीज चहाचा कपही उचलू नये.