जुन्या मोटारीच्या रंगातील नांग्या कशा भराव्यात?



या पानावर नेहमी बेणे, खत आणि पाणी यांची चर्चा होते. आज जरा वेगळा विषय घेत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दारात जुनी मोटार उभी आहे. प्रीमियर पद्मिनी बंद होऊन वीस वर्षांवर काळ लोटला. १९८३ साली आलेली मारुती ८०० देखील २०१४ साली बंद झाली. इंजिन दुरुस्त होते, पण पत्रा गंजून गेला की गाडी संपलीच म्हणायची.

गंजाची सुरुवात लहान असते. पुढच्या ट्रॉलीच्या चाकाखालून खडा उडतो, फडाच्या वाटेवर उसाचे पाचट घासते आणि रंगाचा टवका जातो. खटाव-जतकडचे ऊन रंग फिका करते, तर पाटण-जावळीकडची ओल उघडा पत्रा खाते. डिकीतून म्युरेट ऑफ पोटॅशची पोती नेणाऱ्यांनी विशेष जपावे. त्यात क्लोराईड असते. सांडलेले खत ओल धरते आणि पत्रा झपाट्याने गंजतो.

माझेच सांगतो. माझ्या जुन्या पांढऱ्या मारुतीच्या दाराला खाली गंजाचा ठिपका होता. मी वरूनच पांढरा रंग फासला. एक तर तो ठिगळासारखा दिसू लागला, आणि पावसाळा सरता सरता फोड आला. नखाने टोकरले तर आरपार भोक! अर्ध्या तासाचे काम टाळले आणि वेल्डिंगचा खर्च अंगावर घेतला.

रंग जुळवणे. खोडव्यात नांग्या भरताना को ८६०३२ च्या रानात आपण फुले २६५ ची रोपे लावत नाही. इथेही आधी जात पाहावी. पुष्कळ गाड्यांत बॉनेटखालच्या पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो, तो लिहून घ्यावा. पण क्रमांक सांगतो तो नव्या गाडीचा रंग. आपला रंग उन्हाने उतरलेला असतो. म्हणून पेट्रोलच्या टाकीचे बाहेरचे झाकण धुऊन, पॉलिश करून, खोलून रंग मिसळणाऱ्या दुकानात न्यावे. त्या झाकणाने गाडीइतकेच ऊन खाल्लेले असते. तयार रंग पुठ्ठ्यावर लावून पूर्ण वाळू द्यावा, कारण ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. मग दिवसाच्या उजेडात, सावलीत धरून पाहावा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर फसवतो.

रंग लावणे.

१) गाडी भरपूर पाण्याने धुवावी. चिमणीची राख कोरड्या फडक्याने पुसू नये, ओरखडे पडतात. टवक्याची जागा कोरडी करून मेण व तेलकटपणा काढावा.

२) गंज ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढावा. काळा ठिपकाही ठेवू नये. हे काम सर्वांत महत्त्वाचे.

३) उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमरचा पातळ हात द्यावा. पत्रा उघडा ठेवून रात्र काढू नये.

४) डबा तळापासून ढवळावा. चमकीच्या रंगातील चमकी खाली बसते. बारीक ब्रशने किंवा आगकाडीच्या टोकाने फक्त खड्ड्यातच रंग भरावा. एकच जाड थर देऊ नये. दोन-तीन पातळ हात, मध्ये वाळायला वेळ देऊन.

५) पांढऱ्या फडक्याने पॉलिश घासून पाहावे. फडक्याला गाडीचा रंग लागला नाही, तर मूळ रंगावर पारदर्शक लॅकर आहे असे समजावे. अशा गाडीला शेवटी लॅकरचा हात द्यावा.

६) आठवडाभर थांबून २००० नंबरच्या पेपरने, पाणी लावून, हलकेच घासावे व पॉलिश करावे.

थिनर हाताळताना विडी-सिगारेट दूर ठेवावी. दमट दिवशी हे काम करू नये. चमकीच्या रंगाची नांगी ब्रशने भरली तर जवळून थोडी दिसणारच. ती दिसली तरी चालेल, पत्रा वाचला पाहिजे. मोठा भाग किंवा भोक पडलेला पत्रा मात्र कारागिराकडेच द्यावा.

गळीत संपले की एका रविवारी सकाळी गाडीभोवती फिरून दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि डिकीचा तळ पाहावा. मृगाचा पाऊस येण्याआधी सापडलेला टवका हा टवकाच असतो. पावसानंतर तेच भोक होते, हे ध्यानात ठेवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी