मासिक पाळीतील वेदना : आरोग्य, श्रम आणि धोरण

चेन्नईच्या दक्षिण भागातील अड्यार हे नाव बहुतेक विद्यार्थ्यांना थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय म्हणून परिचित असते. याच अड्यारमध्ये १९१७ साली ‘विमेन्स इंडियन असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली. मार्गारेट कझिन्स, डोरोथी जिनराजदास आणि ॲनी बेझंट यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या संघटनेने स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न हाती घेतला. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातून १९१२ मध्ये पदवी घेतलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी पुढे तिच्या अग्रणी बनल्या. धाकट्या बहिणीचा कर्करोगाने झालेला मृत्यू त्यांनी पाहिला होता. त्यांच्या प्रयत्नांतून या संघटनेच्या वतीने १९५४ मध्ये अड्यार येथे अवघ्या बारा खाटांची कर्करोग संस्था सुरू झाली. चार वर्षांनी, १९५८ मध्ये, डॉ. के. एस. संजीवी यांनी त्याच परिसरात ‘व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस’ ही संस्था स्थापन केली. कुटुंबाने आपल्या उत्पन्नानुसार वर्गणी भरावी आणि घराजवळच्या लहान आरोग्य केंद्रात प्राथमिक तपासणी व सल्ला मिळावा, अशी तिची योजना होती.

या दोन संस्थांचे कार्य वेगळे असले, तरी त्यांच्यातून मिळणारा धडा एकच आहे. रोगाच्या उपचारातील सर्वांत महत्त्वाची पायरी ही पहिली पायरी असते. वेळेवर विचारपूस, वेळेवर तपासणी आणि योग्य निदान म्हणजेच ती पायरी होय. मासिक पाळीतील तीव्र वेदना आणि पाळीपूर्वीचा त्रास यांबाबत नेमकी हीच पायरी आपल्या व्यवस्थेत दुर्लक्षित राहिली आहे. तिच्या अभावाची किंमत कोण आणि कशी मोजते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्रासाचे स्वरूप

पाळीच्या वेळी ओटीपोटात होणाऱ्या तीव्र वेदनांना वैद्यकीय परिभाषेत कष्टार्तव म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. प्राथमिक कष्टार्तवात गर्भाशयात कोणताही विकार नसतो. पाळीच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांचे प्रमाण वाढल्यास गर्भाशयाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात, तेथील रक्तपुरवठा तात्पुरता घटतो आणि कळा येतात. मळमळ, जुलाब व डोकेदुखी हीदेखील बहुधा त्याच द्रव्यांची लक्षणे असतात. दुय्यम कष्टार्तवाच्या मुळाशी मात्र एखादा विकार असतो. एंडोमेट्रिऑसिस, गर्भाशयातील गाठी आणि जननमार्गाचा जंतुसंसर्ग ही त्याची प्रमुख कारणे होत. एंडोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो.

पाळीपूर्वीचा त्रास हा याहून वेगळा आहे. पाळी येण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत चिडचीड, उदासी, थकवा, स्तनांत दुखणे, पोट फुगणे अशी लक्षणे दिसतात आणि पाळी सुरू झाल्यावर ती ओसरतात. १९३१ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट फ्रँक यांनी त्याचे वर्णन केले आणि १९५३ मध्ये ब्रिटनमधील रेमंड ग्रीन व कॅथरिना डाल्टन यांनी त्याला ‘पाळीपूर्व लक्षणसमूह’ हे नाव दिले. काही थोड्या स्त्रियांमध्ये मानसिक लक्षणे इतकी तीव्र असतात की अभ्यास, नोकरी व नातेसंबंध विस्कळीत होतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. म्हणजेच हा स्वभावदोष नाही आणि तो ‘मनाचा खेळ’ही नाही.

उपाय ज्ञात आहेत

वेदनेचे कारण कळल्यानंतर उपायाचा मार्गही मोकळा झाला. ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना स्वीडनच्या सुने बर्गस्ट्रॉम व बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासमवेत मिळाले. आयबुप्रोफेन व मेफेनॅमिक ॲसिड ही याच गटातील औषधे होत. कळा असह्य होईपर्यंत वाट पाहण्यापेक्षा पाळी सुरू होताच किंवा दुखणे जाणवू लागताच, जेवणानंतर, सांगितलेल्या मात्रेत दोन-तीन दिवस घेतल्यास ती अधिक परिणामकारक ठरतात.

मात्र ही औषधे निर्धोक आहेत असे समजू नये. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, ॲस्पिरिनने बळावणारा दमा किंवा गर्भधारणेची शक्यता असल्यास ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित उद्भवणाऱ्या ताप, पुरळ व अंतर्गत अवयवांवरील दुष्परिणामांबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना दिली होती.

औषधांखेरीज ओटीपोटावर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि नियमित व्यायाम यांनी अनेकींना आराम पडतो. या उपायांनी भागत नसल्यास डॉक्टर संप्रेरकयुक्त गोळ्या सुचवू शकतात. सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत दिली जाणारी माला-एन ही अशाच प्रकारची गोळी आहे. रक्तात गुठळ्या होण्याचा पूर्वेतिहास, उच्च रक्तदाब किंवा विशिष्ट प्रकारची अर्धशिशी असल्यास ती योग्य नसते. म्हणून तपासणी आवश्यक ठरते.

पाळीपूर्वीच्या त्रासात पहिला उपाय म्हणजे नोंदवही. सलग दोन पाळीचक्रांत दररोज लक्षणे लिहून ठेवल्यास त्यांचा पाळीशी संबंध आहे की नाही, हे स्पष्ट होते. पुरेशी झोप, व्यायाम आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो. तीव्र स्वरूपात मेंदूतील सेरोटोनिनवर कार्य करणारी नैराश्यविरोधी औषधे गुणकारी ठरतात. ती डॉक्टर कधी केवळ पाळीपूर्वीच्या दिवसांपुरतीही देतात. जीव नकोसा वाटण्यापर्यंत मजल गेल्यास विलंब न करता मदत घ्यावी. २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

दुखणे दरवर्षी वाढत जाणे, पाळी नसतानाही ओटीपोटात दुखणे, अतिरक्तस्राव, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, तसेच औषधाने आराम न पडणे या लक्षणांत स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. अतिरक्तस्राव आणि रक्तक्षय यांचा संबंध तर अगदी जवळचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता.

किंमत कोण मोजते?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या वेदनेची किंमत दोन प्रकारची असते : गैरहजेरी आणि हजर राहूनही घटलेली कार्यक्षमता. नेदरलँड्समधील ३२,७४८ मुली व स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पाळीच्या त्रासामुळे गैरहजेरीचे दिवस वर्षाला सरासरी १.३ इतकेच होते. कामावर असूनही वाया गेलेल्या श्रमाचे दिवस मात्र सरासरी ८.९ होते. म्हणजे नुकसानीचा मोठा भाग हजेरीपटावर दिसतच नाही. जे दिसत नाही, त्याची दखल धोरणात घेतली जात नाही.

नियमित वेतन आणि रजेची सोय असलेल्या देशातील हे चित्र आहे. जिथे एक दिवसाची गैरहजेरी म्हणजे थेट मजुरीत कपात असते, तिथे ही किंमत कामगार स्त्रीच्या शरीरातून वसूल होते. याची दोन उदाहरणे अभ्यासण्याजोगी आहेत.

पहिले उदाहरण तामिळनाडूचे. तेथील तयार कपड्यांच्या उद्योगातील सुमारे शंभर स्त्रियांशी बोलून थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने २०१९ मध्ये एक वृत्तान्त प्रसिद्ध केला. पाळीत दुखत असल्याचे सांगितल्यावर कामगार स्त्रियांना कारखान्यातच गोळ्या दिल्या जात. त्या देणारी व्यक्ती बहुधा वैद्यकीय कर्मचारी नसे आणि गोळीवर नाव वा मुदतही नसे. गोळीमागचा हेतू शिवणयंत्र थांबू नये हाच होता. ज्या औषधगटाचा वर उल्लेख केला, तोच योग्य सल्ल्याने आराम देतो आणि सल्ल्याविना महिनोन्‌महिने घेतल्यास अपाय करतो. शिवाय दुखण्यामागे एखादा विकार असल्यास तो झाकला जातो.

दुसरे उदाहरण आपल्या बीड जिल्ह्याचे. ऊसतोड कामगार पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ मानले जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांना हंगामात फेडायची असते आणि काम चुकल्यास ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. फडाजवळच्या पालावर शौचालय नसते, पाणी अपुरे असते आणि पहाटेपासून मोळ्या वाहाव्या लागतात. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे आणि ओटीपोटातील दुखणे यांवर अनेकींना सुचवलेला उपाय एकच होता : ‘पिशवी काढणे’. २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे जवळजवळ १७ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे राष्ट्रीय प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. दोन्ही पाहण्यांतील वयोगट नेमके सारखे नसले, तरी तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या घटनाक्रमात अर्थशास्त्रातील दोन संकल्पना स्पष्ट दिसतात. रुग्ण आणि डॉक्टर यांच्याकडील माहितीत मोठी विषमता असते. त्यामुळे सेवा पुरवणाराच सेवेची मागणी निर्माण करू शकतो. ‘पिशवी ठेवली तर कर्करोग होईल’ ही भीती घातल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले. वस्तुतः गर्भाशयमुखाचा कर्करोग साध्या तपासणीने लवकर ओळखता येतो. बहिणीच्या मृत्यूने व्यथित झालेल्या डॉ. रेड्डी यांनी उभ्या केलेल्या अड्यारच्या संस्थेने आणि तेथील डॉ. व्ही. शांता यांनी लवकर निदानाचा हाच संदेश अनेक दशके दिला. कर्करोगाच्या भीतीवरचे उत्तर तपासणी हे आहे. निरोगी अवयव काढून टाकणे हे त्याचे उत्तर असू शकत नाही.

धोरणाचा प्रवास

गेल्या दीड दशकात शासनाने मासिक पाळीची दखल घेतली. तामिळनाडूने ‘पुदु युगम’ या योजनेतून २०१२ पासून ग्रामीण किशोरींना मोफत सॅनिटरी नॅपकिन दिले. केंद्राने जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. जुलै २०१८ मध्ये नॅपकिनवरील १२ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. ऑगस्ट २०१९ पासून जनऔषधी केंद्रांत नॅपकिनची किंमत प्रत्येकी एक रुपया करण्यात आली. ही पावले महत्त्वाची आहेत. मात्र त्यांचा भर स्वच्छतेवर आहे. वेदना हा विषय त्यांत दुय्यमच राहिला.

दुसरा प्रवाह रजेचा आहे. जपानच्या १९४७ च्या कामगार कायद्यात अशी रजा होती. बिहारने १९९२ पासून सरकारी महिला कर्मचाऱ्यांना दरमहा दोन दिवसांची रजा दिली. केरळने २०२३ मध्ये विद्यापीठांतील विद्यार्थिनींना हजेरीत सवलत दिली. कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दरमहा एक दिवसाच्या भरपगारी रजेच्या धोरणास मंजुरी दिली. सक्तीच्या रजेमुळे मालक स्त्रियांना नोकरी देण्याचे टाळतील, अशी शंका सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये व्यक्त केली आणि केंद्राने राज्यांशी चर्चा करून आदर्श धोरणाचा विचार करावा, असे सांगितले. या वादातील दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तथापि रजा म्हणजे उपचार नव्हे, आणि उक्त्यावर काम करणाऱ्या असंघटित स्त्रीपर्यंत ती पोहोचतही नाही.

तिसरा प्रवाह नियमनाचा. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ती तीन महिन्यांत अमलात आणण्याचे आदेश राज्यांना दिले. राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवर देखरेख समित्या ही त्यांतील प्रमुख तरतूद आहे.

पहिल्या पायरीकडे

स्वच्छता, रजा आणि नियमन या तिन्हींच्या आधी एक साधी गोष्ट घडायला हवी. ‘पाळीत किती दुखते?’ हा प्रश्न कुणीतरी विचारला पाहिजे. आशा कार्यकर्ती, शाळेतील आरोग्य तपासणी पथक, कारखान्यातील परिचारिका आणि साखर कारखान्याच्या हंगामातील फिरते आरोग्य पथक यांच्या कामात हा प्रश्न समाविष्ट करण्यास मोठा खर्च येत नाही. उत्तर नोंदवणे, साधा उपचार देणे आणि धोक्याची लक्षणे असल्यास तालुक्याच्या रुग्णालयात पाठवणे एवढी व्यवस्था पुरेशी आहे. घराजवळचे लहान केंद्र ही डॉ. संजीवी यांची कल्पना याच तत्त्वावर आधारलेली होती. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या जाळ्यातून ती आज देशभर राबवता येईल.

पहिल्या पायरीवरचा खर्च काही रुपयांचा असतो. ती चुकल्यास पुढचा खर्च कर्जाचा, कायमच्या शारीरिक नुकसानीचा आणि अकाली रजोनिवृत्तीचा असू शकतो. ज्या स्त्रीच्या श्रमावर ऊस आणि वस्त्र हे आपले दोन मोठे उद्योग उभे आहेत, तिचे दुखणे हा राष्ट्रीय उत्पादनाशी निगडित प्रश्न आहे. परंतु उत्पादनाचा हिशेब बाजूला ठेवला, तरी ज्या वेदनेवर उपाय ज्ञात आहे ती कुणी निमूटपणे सोसावी, याला कोणतेही समर्थन नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. प्राथमिक व दुय्यम कष्टार्तव यांतील फरक स्पष्ट करा.
२. ‘माहितीची विषमता’ ही संकल्पना बीड जिल्ह्यातील गर्भाशय शस्त्रक्रियांच्या संदर्भात विशद करा.
३. मासिक पाळीच्या रजेच्या बाजूचे व विरोधी युक्तिवाद मांडून असंघटित क्षेत्रातील तिच्या मर्यादांची चर्चा करा.
४. मासिक पाळीविषयक शासकीय धोरणाचा भर स्वच्छतेकडून आरोग्याकडे वळवण्यासाठी उपाय सुचवा.