जुन्या ट्रॅक्टरची ऑइल गळती: आधी शोधा, मग खोला

व्हिडिओत हात काळे करून जे दाखवलं, तेच इथं सावकाश लिहून देतोय. गॅरेज टाकायच्या विचारात असलेली आपल्याकडची मुलं मला एकच प्रश्न विचारतात, "सर, नवीन ट्रॅक्टर तर शोरूमला जातात, मग आपल्याकडं कोण येणार?"

जुने येणार. लोहा, मुखेड, उदगीर, निलंगा, कुठंही बघा, वडिलांच्या काळचा ट्रॅक्टर अजून वखराला आणि पाण्याच्या टँकरला जुंपलेला असतो. एचएमटीचंच घ्या. झेटॉरच्या सहकार्यानं १९७१ मध्ये पिंजोरला ट्रॅक्टर बनायला लागले आणि २०१६ मध्ये सरकारनं तो विभाग बंद करायचा निर्णय घेतला. कंपनीनं हात काढला, पण शेतकऱ्यानं ट्रॅक्टर थोडाच फेकला? त्याच्या खाली रोज सकाळी काळा डाग पडतो. तो डाग म्हणजे तुमचं काम.

आता मुद्द्याचं. डाग जिथं पडतो तिथं गळती नसते. ऑइल वरून ओघळतं, पंख्याच्या हवेनं मागं सरकतं आणि शेवटी सगळ्यात खालच्या बोल्टवरून ठिबकतं. म्हणून इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशनं सगळं धुवा, कोरडं पुसा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी मारा. मग वीस मिनिटं इंजिन चालवा. पंखा आणि पट्ट्यापासून हात आणि गमछा लांब ठेवा. इंजिन बंद केल्यावर पावडर जिथं सगळ्यात वर ओली झाली असेल, ती खरी जागा.

मागच्या मे महिन्यात अहमदपूरकडचे एक काका जुनी एचएमटी घेऊन आले. क्लचच्या घराखालच्या भोकातून ऑइल पडत होतं. एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, "क्रँकचं मागचं सील गेलं, ट्रॅक्टर मधून दोन भाग करावा लागेल." काका घाबरलेले, कारण पेरणी तोंडावर. आम्ही धुऊन पावडर मारली तर ओल वर निघाली, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात. पॅकिंग दबून गेलेलं आणि ब्रीदर चिखल-काजळीनं गच्च. ब्रीदर बुजला की इंजिनमधला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि चांगल्या सीललाही ढकलतो. ब्रीदर धुतला, कॉर्कचं नवं पॅकिंग टाकलं, काम झालं. काका दुपारी गावाकडं.

पण ब्रीदर साफ असूनही ऑइल भरायच्या झाकणातून धूर जोरात फेकला जात असेल, तर रिंगा झिजल्यात. तिथं नुसतं सील बदलून पैसे घेऊ नका, महिन्यात गिऱ्हाईक परत येतं.

खरंच मागचं सील गेलं असेल तर हिशोब कागदावर मांडा. समजा मजुरी ४,००० ठरली. दोन माणसं, दोन दिवस, ६०० रोजानं २,४००. दुकानाचा दोन दिवसांचा खर्च ४००. उरले १,२००. निदान चुकलं आणि तेच काम फुकटात पुन्हा करावं लागलं, तर आणखी २,८०० गेले, म्हणजे १,२०० च्या नफ्याऐवजी १,६०० चा तोटा. बीबीएत कॉस्टिंग शिकवतात, पण अर्ध्या तासाच्या पावडरची किंमत अशी कुणी सांगत नाही. क्लचच्या भोकातून आलेलं ऑइल बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलचा वास उग्र असतो. तो आला तर दोष गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या सीलचा, इंजिनचा नाही.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. शाफ्टवर नख फिरवा. खाच लागली तर नवं सीलही गळणार. ते दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवता येतं का बघा, नाहीतर शाफ्टवर स्लीव्ह चढवा. टॅपेट कव्हरचा नट ताकदीनं आवळू नका, पत्रा वाकतो आणि गळती वाढते. तळाच्या बुचाखालची तांब्याची वॉशर लाल तापवून थंड केली की मऊ होते, पुन्हा चालते.

सुरुवातीला माल थोडाच भरा. एचएमटीची मापं मिलिमीटरमध्ये असतात, तर बी-२७५, मॅसी, फोर्ड या मूळ परदेशी डिझाइनच्या, तिथं बरीच मापं इंचात. अंदाजानं सील घेतलं तर ते कपाटात पडून राहतं. जुनं सील काढून, त्यावरचे आकडे वाचून मगच बाजारात जा. भांडवल कमी पडत असेल तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, हत्यारांपुरतं तेवढं पुरतं.

एका गळतीला मात्र "चालू द्या काका, पेरणीनंतर बघू" म्हणायचं नाही: मागच्या चाकाच्या ॲक्सलची. तिथलं ऑइल ब्रेकच्या लायनरवर जातं आणि ट्रॉलीत ऊस किंवा माणसं असताना एक बाजूचा ब्रेक धरतच नाही. टॅपेट कव्हरचं ठिबकणं दसऱ्यापर्यंत चालेल. रोज डिपस्टिक बघायला सांगा. ॲक्सलची गळती दिसली तर गिऱ्हाईकाला तोंडी सांगा, बिलावरही लिहा आणि त्याची सही घ्या.